वखार वर्षात किती वेळा फिरली

आमच्या बापाचा जेवढा विश्वास तांदळावर होता तेवढा माणसांवर नव्हता. दहिवलीला आमची वखार होती. दिवाळीनंतर भात घ्यायचं, भरडायचं, तांदूळ पोत्यांत भरायचा आणि वर्षभर त्याला हात लावायचा नाही. नवा तांदूळ शिजून गिचका होतो. जुना फुलतो, शीत न् शीत मोकळं होतं, आणि भावही रुपयामागे दोन आणे जास्त येतो. बाप पोत्यावर थाप मारून म्हणायचा, "झोपू दे ह्याला. हा झोपेत वाढतो."

मी तिसरीतून शाळा सोडली, तेव्हा शिकलो म्हणायचं तर एवढंच. तांदळाच्या बाबतीत बाप बरोबर होता हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. पण मी ते मिरचीला लावलं, गुळाला लावलं, काथ्याच्या दोरांना आणि बैलांच्या वेसणींना लावलं. पुढे जे झालं ते सांगण्यासारखं नाही. इतकी वर्षं सांगितलंही नाही.

बाप गेल्यावर मी चौक गावाला आलो. खोपोलीला तेव्हा पाण्यावर वीज करण्याचं काम चाललं होतं. माणसांची नुसती रीघ. शिवाय घाटावरून उतरणाऱ्या आणि घाट चढणाऱ्या बैलगाड्या चौकाला थांबायच्या. कुणाचा कासरा तुटलेला, कुणाच्या जुवाची खीळ गेलेली, कुणाला चाकाला वंगण हवं. मी म्हटलं, इथं मोठं दुकान पाहिजे, आणि मागं वखार. एकट्याची ऐपत नव्हती. मग पंचवीस रुपयांचा एक भाग असे भाग केले आणि गावोगावच्या लोकांनी ते घेतले. गाडीवान होते, एक सोनार होता, दोन-तीन खाऊन-पिऊन सुखी घरचे होते. लोक तिला 'कंपनी' म्हणायचे. मला ते ऐकायला बरं वाटायचं. कारभार माझ्याकडे.

त्यात चार भाग आक्काचे होते. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माझ्याच घरी होती. पाटल्या मोडून तिनं शंभर रुपये घातले. खरं सांगायचं तर मीच घालायला लावले.

"मागीन तवा परत देशील ना रं?" तिनं विचारलं होतं.

"आक्का, तुझे पैसे कंपनीत झोपतील आन् वाढतील," मी म्हटलं.

आणखी एक भागीदार होते त्यांना सगळे बाबू म्हणत. कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावर त्यांची नोकरी झाली होती, आता घरी बसले होते. कर्जतातल्या जुन्या शिकल्या-सवरल्या घरातले. अंगात बंद गळ्याचा कोट आणि कोटाच्या खिशात कायम खडूचा तुकडा. मालधक्क्यावर उतरलेल्या प्रत्येक डागावर, म्हणजे पोत्या-पेटीवर, खडूनं खूण करायची त्यांची सवय. कारण तिथं माल पडून राहिला की दिवसाचा दंड चढतो. आमच्या घरात माल पडून राहिला की भाव चढायचा. बाबूंची आणि माझी समजूत अशी दोन टोकांना होती, पण सुरुवातीची काही वर्षं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुकान जोरात होतं.

दर दिवाळीला माल मोजायचा आमचा रिवाज होता. मोजणी बाबूंच्या देखत व्हायची आणि पाडव्याला भागीदार जमून नफा वाटून घ्यायचे.

मग खोपोलीचं काम संपलं. माणसं आली तशी गेली. आणि रस्त्याला मोटारलॉऱ्या दिसू लागल्या. पहिल्यांदा आम्ही हसलो. मी दुकानाच्या ओट्यावर उभा राहून गाडीवानांना सांगायचो, ही डबडी घाटात धापा टाकतील, बैलाला मरण नाही. गाडीवान माना डोलवायचे. पुढं तेच गाडीवान कमी कमी होत गेले. मुंबईचे व्यापारी गाड्यांचं सामान पडेल भावात काढायला लागले. दोर, जू, चाकाच्या लोखंडी धावा, घुंगरमाळा. स्वस्त मिळतंय म्हणून मी घेत गेलो. वखार छपरापर्यंत भरली. मी आत जाऊन नुसता उभा राहायचो. भरलेली वखार बघितली की छाती रुंद व्हायची. ती का भरलेली आहे हे काही मनात यायचं नाही.

लॉरीवाले थांबायचे, चहा मागायचे, बिडी मागायचे, चाकातल्या रबरी नळीला लावायचं ठिगळ मागायचे.

"हे चहाचं दुकान नाय," मी म्हणायचो.

"मग कशाचं हाय शेट?" एकानं वर बघत विचारलं. वर आढ्याला घुंगरमाळा टांगल्या होत्या. "माझ्या लॉरीच्या गळ्यात बांधा एक." ओट्यावरचे सगळे हसले. मी त्याला पाणीसुद्धा दिलं नाही.

त्या दिवाळीला मोजणी झाल्यावर बाबू वखारीतच एका पोत्यावर बसले. त्यांनी एक फळकूट ओढलं आणि त्यावर खडूनं आकडे मांडले.

"शेट, इकडे या. पहिल्या वर्षी आपण आठ हजारांचा माल विकला. खरेदीच्या भावानं सांगतोय. वखारीत असायचा दोन हजारांचा. म्हणजे वखार वर्षात चार वेळा फिरली. चार वेळा रिकामी, चार वेळा भरली."

"बरं."

"यंदा विकला तीन हजारांचा. आणि आत आहे चार हजारांचा. पाऊण वेळ. वर्ष संपलं तरी ही वखार एकदासुद्धा पुरी फिरली नाही."

"फिरायला ती काय जत्रंला आली हाय?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "आता दुसरं. पहिल्या वर्षी रुपयाच्या विक्रीमागे आपल्याला दीड आणा सुटला. यंदा तुम्ही जवळजवळ तीन आणे दाखवलेत."

"मग दुप्पट झालं की. त्येचं बी दुखतंय?"

"माल हलत नाही आणि नफा दुप्पट. आला कुठून?"

मी सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नव्हतं. "मालाला वाढ धरली. मुरल्याली वाढ. रुपयाला दोन आणे."

"तांदळाला?"

"समद्याला."

"गुळाला पण? मिरचीला? वेसणीला?"

"माल तो माल."

बाबूंनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, परत घातला. "चार हजारांवर दोन आण्यांनी झाले पाचशे. तुमचा सगळा नफा साडेपाचशे. म्हणजे खरोखर सुटले ते पन्नास रुपये, शेट. बाकीचं तुमच्या मनात सुटलंय. आणि मनातलं आपण पाडव्याला लोकांना रोख वाटतोय. ते कुठून देता?"

मुंबईच्या व्यापाऱ्यांचं उधार थकवून देत होतो. बाबूंना ते ठाऊक असावं.

त्या माणसानं तेव्हाच भागीदारांना सांगितलं असतं तर माझा कारभार तिथंच संपला असता. त्यांनी तसं केलं नाही. म्हणाले, "मी पाडव्याला हे बोलणार नाही. एक वर्ष घ्या. वाढ धरणं बंद करा. पडलेला माल येईल त्या भावात काढून टाका. आज काढलात तर ज्याचा त्याला रुपयाला बारा आणे तरी परत देता येतील." मग ते उठले आणि वखारभर फिरून एकेका डागावर खडूनं गोल काढत गेले. पोत्यांवर, डब्यांवर, जुवांवर, लोखंडी धावांवर. दोरांच्या वेटोळ्यांना लाकडाच्या चकत्या बांधल्या होत्या, त्यांच्यावर. मोजून वहीत आकडा लिहिला. दोनशे चाळीस.

"लोकांचा आकड्यावर विश्वास बसत नाही, डोळ्यांवर बसतो. पुढच्या दिवाळीला मी एवढंच मोजणार. ह्यातले किती गोल अजून इथं आहेत."

ते वर्ष कसं गेलं ते मला लख्ख आठवतं. मी वखारीत गेलो की ते गोल माझ्याकडे बघत असल्यासारखे वाटायचे. एखादं जू विकलं गेलं की बरं वाटायचं, पण मग उरलेली जुवं मोजली जायची. निम्म्या भावात काढायचं मनात यायचं. पण मग गावात बोलणं होणार, दहिवलीच्या वखारवाल्याचा मुलगा पडेल भावात माल विकतो. ते मला गिळवेना. पावसात गुळाच्या ढेपी पाझरल्या. मिरचीला अळी लागली. तरी मी म्हणत होतो, भाव येईल.

त्याच वर्षी आक्कानं लोधिवलीला एक जागा बघून ठेवली. दोन खणांचं कुडाचं घर आणि मागं परसू. मालक सव्वाशेला द्यायला तयार होता. कोंबड्या पाळायच्या, वेलावर भोपळे-काकड्या घ्यायच्या, रस्त्यावर बसून विकायच्या, असा तिचा बेत. ती माझ्या बायकोला वेलांची जागा कुठं ते अंगणात काडीनं रेघा मारून दाखवायची. इतकी वर्षं माझ्याकडे राहून तिनं कधी कसली तक्रार केली नव्हती, पण त्या रेघा मारताना तिच्या तोंडावर जे दिसायचं ते माझ्या घरात मी आधी पाहिलं नव्हतं.

"पाडव्याला माझं शंभर काढून घेईन," ती म्हणाली. "इतकी वर्सं गेली, वर काय चडलं आसंल ते बी."

"घे की," मी म्हटलं.

दिवाळीच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, मी दुकानाचं दार लावून वखारीत गेलो. एक गोणपाट बादलीत भिजवलं आणि गोल पुसायला लागलो. पोत्यांवरचे घासून काढले. डब्यांवरचे एका फटकाऱ्यात गेले. लोखंडावरचे चिवट होते. दहा-बारा गोल मुद्दाम ठेवले, सगळेच गेले तर कुणाला खरं वाटायचं नाही म्हणून. एवढी अक्कल मला त्या दिवशी होती. वर्षभर माल काढण्यात ती कुठं गेली होती कोण जाणे.

आक्का भाकरी घेऊन मागच्या दारानं आली. मी गुडघ्यावर बसून एक जू पुसत होतो. ती उभी राहिली.

"काय पुसतोस रं?"

"धूळ."

तिनं जुवाकडे बघितलं. त्यावरचा गोल अर्धा गेला होता, अर्धा होता. तिनं भाकरीचं फडकं पोत्यावर ठेवलं, तांब्या ठेवला, आणि गेली.

पाडव्याला सगळे भागीदार वखारीतच जमले. आक्का दाराशी बसली होती, पदर नीट घेऊन. तिच्या हातात कापडी पिशवी होती. पैसे ठेवायला आणलेली. बाबूंनी वही काढली, आधी लोकांना गेल्या दिवाळीचे आकडे सांगितले, पाऊण वेळ आणि तीन आणे आणि वाढीचे पाचशे. लोक ऐकत होते, पण डोक्यात शिरत नव्हतं. सोनार तर जांभई देत होता. मग बाबू म्हणाले, "ठीक आहे. आकडे सोडा. गेल्या दिवाळीला मी इथल्या दोनशे चाळीस डागांवर खुणा केल्या. आता मोजून बघू. जितक्या सापडतील तितका माल वर्षभर हललेला नाही."

मोजल्या. अकरा.

ते परत फिरले. पुन्हा अकरा. बाबूंनी एका धावेवर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. "ह्याच्यावर धूळ कशी नाही?"

मी तयारच होतो. "माल विकला, नवा भरला. नव्या मालावर धूळ कशी आसंल?" मग लोकांकडे वळून म्हटलं, "आकडे बाबूंचे, खुणा बी बाबूंच्या, आन् त्यांचं एकमेकांशी जुळत नाय. आता मी काय करू? बाबू, खडू मारला तवा जागे व्हता ना?"

लोक हसले. एक गाडीवान म्हणाला, "वय झालं म्हाताऱ्याचं." दुसरा म्हणाला, "मालधक्क्यावरच्या खुणा हितं शोधतायत." पुन्हा हसू. माझ्या वयाच्या दीडपट असलेला माणूस. मागल्या वर्षी माझी अब्रू झाकून गुपचूप घरी गेलेला. त्याला मी लोकांत वेडा ठरवला, आणि हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

बाबू आक्काकडे वळले. "आक्का, तुम्ही इथं येता-जाता. खुणा होत्या की नव्हत्या?"

आक्कानं माझ्याकडे बघितलं नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "मी पाहिल्या नायत."

बाबूंनी वही मिटली. "मग माझं ह्या कंपनीत काम नाही. माझा भाग मला द्या."

"वाढीसकट देतो," मी म्हटलं. तेवढी फुशारकी तेव्हाही सुटली नाही.

"वाढ नको. मी घातले तेवढे पुरे."

मी गल्ल्यातून पंचवीस रुपये मोजून दिले. ते खिशात घालून ते बाहेर पडले, बैलगाडीत बसले आणि कर्जतला गेले. लोक म्हणाले, बघा, पैशासाठीच सगळं सोंग होतं.

मी विचारलं, "आनी कुणाला काडायचे?"

मी ते विचारायला नको होतं. आक्का पिशवी घेऊन बसली होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं आत्ताच सांगितलं होतं की खुणा नव्हत्या, माल हलतो, कंपनी ठीक आहे. आता तिनं पैसे काढले असते तर ती खोटं बोलली हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला हे त्या क्षणी कळत होतं. कळलं नव्हतं असं उगाच लिहीत नाही. कळत होतं, आणि ती गप्प बसावी म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो.

"मला नाय काडायचे," ती म्हणाली.

कंपनी आणखी दोन वर्षं चालली. चालली म्हणजे दार उघडत होतं. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी उधार बंद केलं आणि पेढीचा माणूस वसुलीला येऊन बसला, तेव्हा माल काढावाच लागला. लोखंड भंगाराच्या भावानं गेलं. दोर आतून कुजले होते, हातात धरले की भुगा पडायचा. मिरची खड्ड्यात टाकली. तांदूळ तेवढा चांगल्या भावानं गेला, आणि एवढं सगळं होत असताना मी लोकांना सांगत होतो, बघा, तांदूळ वाढला की नाही. देणं भागवून रुपयाला चार आणे उरले. भागीदारांनी मला शिव्या घातल्या, त्या मी उभ्यानं ऐकल्या. त्यांचं मला फारसं लागलं नाही. कुणी शिवी दिली की मला ताठ उभं राहता येतं.

लोधिवलीची जागा तोवर दुसऱ्यानं घेतली होती. आम्ही लग्नाला म्हणून एकदा त्या वाटेनं गेलो, तेव्हा कुडावर भोपळ्याचे वेल चढलेले दिसले. आक्का दुसऱ्या बाजूला शेताकडे बघत राहिली.

तिचे पंचवीस रुपये मी फडक्यात बांधून नेले. ती पडवीत बसून तांदूळ निवडत होती. मी फडकं तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते उघडलं नाही, नुसतं सुपाच्या बाजूला सरकवलं.

"आक्का," मी म्हटलं, "त्या दिवशी तू खरं सांगितलं आसतंस तर तुझं पैसं वाचलं आसतं. बाबूंसारखं तुला बी तवाच मिळालं आसतं."

असं का बोललो ते मला आजही समजत नाही. बहुतेक थोडासा दोष तिच्या पदरात घालून हलकं व्हायचं होतं.

ती निवडत राहिली. खडा सापडला तो अंगणात टाकला. मग म्हणाली, "आन् तू मला घरात ठिवलं आसतंस?"

"म्हंजे काय? ठिवलं आसतं की."

"कुनाच्या तोंडाकडं बगून बोलतोस ते तरी बग रं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मी तेव्हा खाली सुपाकडे बघत होतो.

त्यानंतर ती सोळा वर्षं माझ्या घरी होती आणि माझ्या घरीच गेली. ह्या गोष्टीवर आम्ही परत बोललो नाही. मी बाबूंकडेही गेलो नाही. कर्जतला शेकडो वेळा गेलो, त्यांच्या आळीतून मात्र कधी गेलो नाही. ते वारले तेही दुसऱ्या गावच्या माणसाकडून कळलं.

आता गावात कुणी दुकान काढलं आणि कसं चाललंय म्हणून विचारायला आला तर मी त्याला ती दोन गणितं घालतो. वखार वर्षात किती वेळा फिरली, आणि रुपयाच्या विक्रीमागे किती सुटले. पहिलं खाली आणि दुसरं वर जात असेल तर स्वतःशीच भांड, असं सांगतो. लोकांना वाटतं म्हातारा हुशार आहे, तिसरी शिकून एवढं डोकं. ही गणितं कुणाची ते मी सांगत नाही. सांगायचं ठरवतो, आणि माणूस समोर बसला की जीभ उचलत नाही.

आणि आक्कानं विचारलेलं. खरं बोलली असती तर मी तिला घरात ठेवलं नसतं. आठ दिवसांत काहीतरी भांडण काढून तिची वळकटी बाहेर ठेवली असती, आणि तिला जायला लोधिवलीचं घरही नसतं, कारण ते घ्यायचे पैसे तिला माझ्याकडूनच मागायचे होते. तिला हे त्या वखारीत, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळताना, कळलं होतं. मला कळायला पडवीत तिच्यासमोर बसावं लागलं, आणि तिथंही मी "ठिवलं आसतं" म्हणालो.